डोलकाठीचा माड

“इथे लग्न कुणाचं आहे?” कप्तान फान रोयने होडीतून ओरडून विचारलं.

तो आपल्याच जहाजापासून दोनशे हात दूर, वल्हवायच्या होडीत उभा राहून दुर्बिणीतून आमची करामत बघत होता. मी जहाजाच्या पुढच्या टोकावर हातात कोयती घेऊन उभा होतो. शाबासकी मिळेल अशी माझी समजूत होती.

“लग्न? ह्यो काय बरळता?” मी उस्मानचाचाला विचारलं.

चाचाने मान वर करून जहाज नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “पुंड्या, मेल्या, तू माटव घातलंस रे!”

खरंच की. मला सांगितलं होतं जहाजाला फांद्या बांध. मी बांधत गेलो. पण आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला माणूस फांद्या बांधतो तो लग्नातच, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळले. चार कोपऱ्यांत चार खांब उभे झाले होते. कठड्याला आंब्याच्या टाळ्यांचं, म्हणजे पानांसकट डहाळ्यांचं, तोरण एका रेषेत लटकत होतं. शिडीच्या दोन बाजूंना दोन केळी उभ्या केल्या होत्या, त्या तर मी अगदी मोजून समोरासमोर लावल्या होत्या. आता फक्त नवरी आणि सनईवाला यायचा बाकी होता.

“मला बेट हवंय,” कप्तान ओरडला. “बेट! देवाने केलेलं, माणसाने नव्हे!”

बेचाळीस सालचा मार्च होता आणि ही गोष्ट जावाच्या समुद्रातली आहे. जहाजाचं नाव ‘यॉरिस बाकर’. वलंदेजांच्या आरमारातलं, पाण्यातले सुरुंग काढायचं छोटं जहाज. वलंदेज म्हणजे डच. त्यांची एक पडकी वखार आमच्या वेंगुर्ल्यात होती, तिच्यात आम्ही लहानपणी बकऱ्या बांधायचो. पुढे त्यांच्याच जहाजावर जीव मुठीत धरून बसायची पाळी येईल हे त्या बकऱ्यांना ठाऊक असतं तर त्या हसल्या असत्या.

मी पुंडलिक रामा गिरप, मोचेमाडचा, जातीने भंडारी. उस्मान सोलकर विजयदुर्गचा, आमच्या आगबोटीवरचा खलाशांचा सारंग, पंचावन्न वर्षांचा, गुडघ्यांनी कामातून गेलेला. आमची आगबोट सुराबायाच्या बंदरात बॉम्ब पडून बुडाली आणि आम्ही दोघे धक्क्यावर ओल्या लुंगीनिशी उरलो. ‘बाकर’वरचे जावातले खलाशी आपापल्या घरी निघून गेले होते. कप्तानाला हातांची गरज होती आणि आम्हांला तिथून निघायची. जपानी दारात आलेले. दोन्ही बाजूंनी फारसे प्रश्न झाले नाहीत.

कप्तानाचा बेत सोपा होता. ऑस्ट्रेलिया गाठायचं. अंधारात चालायचं आणि दिवसा एखाद्या बेटाच्या कुशीत नांगर टाकून, अंगावर झाडं लेवून, आपणही बेट आहोत असं भासवायचं. वरून जपानी विमान गेलं तर त्याला रान दिसलं पाहिजे, जहाज दिसलं की खलास. जहाजावर पंचेचाळीस जीव होते, आणि तोफा इतक्या जुन्या की त्यांचा धाक फक्त त्या पुसणाऱ्याला.

मग आम्ही मांडव मोडला. तोरण ओरबाडलं, खांब वाकडे केले, केळी एकमेकींवर ढकलून दिल्या. स्वतः घातलेला मांडव मोडताना जिवावर येतं, पण करता काय?

“आता ती डोलकाठी,” कप्तान परत येऊन म्हणाला. “बेटावर डोलकाठी नसते. तिचा नारळ करा.” आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. “तू नारळाच्या देशातला ना? किनाऱ्यावर जा. चढ आणि शेंड्याच्या झावळ्या काढून आण.”

मी म्हटलं, “नाही.”

आरमाराच्या कप्तानाला खलाशाने ‘नाही’ म्हणणं म्हणजे काय ते मला नंतर कळलं. शेजारी दिर्क उभा होता. दिर्क म्हणजे त्यांचा टंडेल, खलाशांचा मुकादम, रेड्यासारख्या मानेचा माणूस, ज्याला हळू बोलता येत नव्हतं. देवाची प्रार्थनासुद्धा तो ओरडूनच करायचा. त्याचा चेहरा लाल झाला.

“नाही म्हणजे?” तो गरजला.

“साहेब, त्याला गळू झालंय,” उस्मानचाचा मध्ये पडला. “बसायच्या जागी. फार मोठं.” आणि दोन्ही हातांनी त्याने गळवाचं माप दाखवलं. ते जवळपास कलिंगडाएवढं होतं.

कप्तानाने माप बघितलं, माझी बसायची जागा बघितली, आणि दिर्कला कुऱ्हाड घ्यायला सांगितली. त्यांनी किनाऱ्यावरचा एक अख्खा माड मुळापासून आडवा केला. फळता माड होता, नारळांचे पाच घड होते त्याच्यावर. भंडाऱ्याच्या डोळ्यांदेखत फळता माड तोडणं म्हणजे काय ते भंडाऱ्यालाच कळेल. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

“तूच चढललंस तर वाचलो असतो तो,” चाचा हळूच म्हणाला.

“चाचा, तुका सगळा ठावक आसा. पुन्हा माडाचा नाव काढू नको.”

ठाऊक होतं त्याला, म्हणजे मी सांगितलं होतं तेवढं. आमच्या घरात माडी, म्हणजे माडाची ताडी, काढायचा धंदा. बाबा, मोठा भाऊ जगन्नाथ आणि मी, तिघेही चढायचो. मी अठरा वर्षांचा असताना जगो माडावरून पडला आणि गेला. मी तेव्हा घरात होतो, आरडाओरडा झाला तेव्हा धावत गेलो, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोचकं उचललं आणि मुंबई गाठली. या जन्मात माडाला पाय लावायचा नाही अशी शपथ घेतली आणि आगबोटीवर कोळसा ओढायला लागलो. आगबोटीवर एक बरं असतं, खाली जायचं असतं, वर नाही.

डोलकाठीला त्यांनी काथ्या गुंडाळला, गोणपाट शिवलं आणि टोकावर झावळ्या बांधल्या. लांबून बघितलं तर माड वाटायचा. जवळून बघितलं तर डोक्यात पिसं खोवलेला टंडेल दिर्क वाटायचा. पण जवळून बघणार होतं कोण?

दुसऱ्या दिवसापासून खरी गंमत सुरू झाली. वलंदेजांचा एक रोग मला तेव्हा कळला. स्वच्छता. माणूस मरणाच्या दारात उभा असला तरी तो आधी दाराचा उंबरा पुसेल. पहाटे आम्ही नव्या बेटाजवळ नांगर टाकला आणि उजाडतं न उजाडतं तोच दिर्क झाडू घेऊन हजर! फांद्यांची पानं गळून डेकवर पडलेली. त्याने ती गोळा केली, समुद्रात टाकली आणि डेक घासायला लावला.

“बेटावर पाला पडलेला असतो,” मी त्याला सांगितलं.

“माझ्या बेटावर नसतो!” दिर्क ओरडला.

उस्मानचाचाने त्याला समजवायचा प्रयत्न केला. रान असं झाडलेलं नसतं, रानात कचरा हाच शृंगार, वगैरे. दिर्कने ऐकून घेतलं आणि चाचाच्या हातात दुसरा झाडू दिला. चाचा बिचारा कमरेत वाकून झाडत राहिला आणि मालवणीत दिर्कच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. दिर्कला वाटलं, म्हातारा गाणं म्हणतोय. तो मान डोलवत होता.

केळीच्या पानांचं दुपारपर्यंत फडकं झालं. कप्तानाला मोठी पानं आवडायची म्हणून त्याने केळीच केळी लावल्या होत्या. मी त्याला सांगितलं, साहेब, केळ तासाभरात मान टाकते, आंब्याचा टाळा चार दिवस टवटवीत राहतो, म्हणून तर आम्ही मांडवाला आंबा वापरतो. कप्तानाने ते वहीत लिहून घेतलं. म्हणजे माझा मांडव अगदीच फुकट गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका निर्जन बेटाच्या बाजूला उभे होतो. टाळे ताजे होते. पण डोलकाठीवरच्या झावळ्या, आमच्या भाषेत चुडतां, आता पिवळ्या पडून खाली लोंबत होत्या आणि त्यांच्यामधून डोलकाठीचं आडवं लाकूड स्पष्ट दिसत होतं. दुपारी नव्या झावळ्या आणायचं ठरलं होतं. मी भांडी घासत होतो, चाचा पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होता. इतक्यात माझं लक्ष जहाजाच्या मागच्या बाजूला गेलं.

दोन झाडांच्यामध्ये दोरी बांधलेली होती. दोरीवर कपडे वाळत होते. पांढरेशुभ्र लेंगे, नीळ दिलेले. मी मोजले. सात होते. सगळे एका मापाचे, एका अंतरावर, प्रत्येकाला दोन-दोन चिमटे.

“चाचा,” मी म्हटलं, “त्या रेड्यान धुणी सुकत घातल्यान.”

चाचा काही बोलणार, तेवढ्यात घुंईऽऽ असा आवाज आला.

विमान उत्तरेकडून आलं. पोटाखाली दोन होड्या बांधल्यासारखं, पाण्यावर उतरणारं जपानी विमान. एक वलंदेज पोऱ्या कपडे ओढायला धावला. कप्तानाने त्याला मानगूट धरून खाली बसवलं. “कोणीही हलायचं नाही!” तो पुटपुटला. सगळे पानांखाली दगडासारखे बसले. विमान उंचावरून आमच्यावरून गेलं. गेलं, गेलं, लहान झालं. आणि मग वळायला लागलं.

“लेंगे दिसले त्याला,” कप्तान म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता.

दिर्क आपल्या सात लेंग्यांकडे बघत होता.

“आता काढून चालणार नाही,” उस्मानचाचा म्हणाला. तो उठून उभा राहिला होता आणि लुंगी वर खोचत होता. “साहेब, त्याने कपडे बघितले. आता बेटावर माणसं नसतील तर तो खाली येऊन शोधेल. माणसं दिसली तर बघून जाईल. त्याला माणसं दाखवू.”

कप्तानाने आपल्या माणसांकडे पाहिलं. पिवळे केस, निळे डोळे, उन्हाने सोललेली लाल नाकं. ह्या समुद्रात असले कोळी विमानवाल्याने कधी बघितले असते? त्या त्रेचाळीस जणांत बेटावरचा माणूस म्हणून खपेल असा एकही नव्हता. मग त्याची नजर आमच्यावर आली. अख्ख्या जहाजावर काळे असे आम्ही दोघेच.

“मी मागे जाऊन बसतंय,” चाचा मला म्हणाला. “तू वर चढ.”

“खंय वर?”

“माडार.”

“चाचा, तो माड नाय, लोखंड आसा तां!”

“म्हणानच सांगतंय. चुडता सुकली, मधलां आडवां लाकूड दिसता. खाली येवन बघल्यान तर डोलकाठी तेका वळखता येतली. पण तेच्यार माडी काढणारो माणूस दिसलो तर तो माडच. डोलकाठीर माडी काढूक कोण चढता?” त्याने माझा खांदा धरला. “माझे गुडघे असते तर मी चढलो असतंय. तुका बोललो नसतंय.”

विमानाचं तोंड आता आमच्याकडे होतं. माडाला पाय लावून सहा वर्षं झाली होती. डोळ्यांपुढे जगो आला, खाली वाळूत पडलेला, एक हात पाठीखाली मुडपलेला. पंचेचाळीस माणसं मरणार हे कळत होतं, त्यांत मीही होतो हेसुद्धा कळत होतं, आणि तरी मला वर जायचं नव्हतं. भीती किती निर्लज्ज असते ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग मी सदरा काढला. लेंगा काढला. लंगोटीवर उभा राहिलो. काथ्याच्या दोरीचा वेढा करून दोन्ही पायांत घातला, कोयती कमरेला मागे अडकवली. माडी धरायला मडकं हवं होतं. दिर्कने हाताशी असलेला रंगाचा रिकामा डबा पुढे केला, तो कमरेला बांधला.

“दिर्क,” मी म्हटलं, “एक ऐक. काही झालं तरी मला हाक मारायची नाही. मी घसरलो तरी नाही. चढलेल्या माणसाला खालून हाक मारत नाहीत. कोणीच मारायची नाही.”

दिर्कने मान हलवली. मग स्वतःवर भरवसा नसल्यासारखी त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि दातांत धरली.

डोलकाठीजवळ गेलो तर हात आपोआप पुढे झाला. बुंध्याला लावला, कपाळाला लावला. रोजच्या पहिल्या माडाच्या पाया पडल्याशिवाय आमच्यात कोणी चढत नाही. गोणपाट गुंडाळलेल्या वलंदेजी लोखंडाच्या पाया पडणारा भंडारी त्याआधी झाला नसेल आणि पुढेही होणार नाही. कप्तान दातओठ खात ‘लवकर, लवकर’ म्हणत होता. पण मी पाया पडलो.

आणि चढलो. पाय विसरले नव्हते. वेढा टेक, गुडघे उचल, हात पुढे, वेढा टेक. मध्यावर गोणपाट सैल होतं, ते सरकलं आणि मी दोन हात खाली घसरलो. छाती सोलून निघाली. खालून आवाज आला नाही. एकसुद्धा नाही. मी डोळे मिटून लोखंडाला मिठी मारली, श्वास घेतला आणि पुन्हा वर सरकलो.

टोकाला पोचून झावळ्यांत मान घातली तोच विमान समोर आलं. इतकं खाली की काचेमागचा चष्मा दिसला. मी काय केलं असेल? कोयती काढली आणि तिच्या मुठीने ठोकायला लागलो. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, ठोकून मऊ केली की माडी गळते, तो आमचा रोजचा हात. इथे पोय नव्हती, लोखंड होतं. टण टण टण असा आवाज येत होता. देवाची कृपा, विमानात ऐकू येत नाही.

मग मी हात वर केला. आमच्याकडे माडावरचा माणूस वाटेवरच्याला करतो तसा.

त्याने हात हलवला की काच पुसली, ते मला आजही सांगता येणार नाही. विमान मागच्या बाजूला गेलं. तिथे उस्मानचाचा होता. मी वरून पाहिलं आणि एवढ्या धास्तीतही मला हसू फुटलं. चाचा जहाजाच्या अगदी कडेला, समुद्राकडे पाठ करून, लुंगी वर घेऊन, पुढ्यात पाण्याचं टमरेल ठेवून, उकिडवा बसला होता. सकाळच्या वेळी आमच्या किनाऱ्यावर हजार माणसं बसतात तसा, अगदी निवांत. विमान डोक्यावर आलं तसं त्याने वर बघितलं आणि, शपथेवर सांगतो, लाजून लुंगी सारखी केली.

असल्या ठिकाणी जगातला कुठलाही माणूस फार वेळ बघत राहत नाही. विमान कलंडलं, वर गेलं, आणि दक्षिणेकडे निघून गेलं ते परत आलं नाही.

खाली पंचेचाळीसातले त्रेचाळीस जण अजून गप्प होते. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी ओरडलं नाही. सगळे मान वर करून माझ्याकडे बघत होते आणि मी उतरण्याची वाट बघत होते. मला उतरताच येईना. त्या पिवळ्या झावळ्यांत तोंड खुपसून मी रडलो. जगो गेला तेव्हा रडलो नव्हतो. किती वेळ गेला ठाऊक नाही. तेवढा वेळ वलंदेज आरमार माझ्यासाठी मुकं उभं होतं.

खाली उतरलो तेव्हा दिर्कने तोंडातली टोपी काढली. तिच्या कडेला दातांची भोकं पडली होती. त्याने मला मिठी मारली, माझी सोललेली छाती आणखी सोलवटली, आणि मग तो ओरडला. काय ओरडला ते कळलं नाही, पण शेजारच्या बेटावरचे पक्षी उडाले.

“गळू बरं झालं वाटतं,” कप्तान फान रोय माझ्या बसायच्या जागेकडे बघत म्हणाला.

“फुटलं, साहेब,” उस्मानचाचा म्हणाला.

त्यानंतर सहाव्या दिवशी आम्ही ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरात शिरलो. बंदरावरच्या माणसांनी आधी आमच्यावर बंदुका रोखल्या, कारण समुद्रातून झाडी चालत येताना त्यांनी कधी बघितली नव्हती. बंदरात शिरायच्या आधी दिर्कने डेक घासून घेतला होता.

घरी पोचलो ते शेहेचाळीस साली. चाचा विजयदुर्गला उतरला, मी पुढे मोचेमाडला गेलो. बाबा अंगणात कोयतीला धार लावत बसले होते. साठी ओलांडली होती, पण अजून चढत होते. मला बघून त्यांनी कोयती खाली ठेवली नाही. “इलंस?” म्हणाले. मी म्हटलं, “इलंय.” दहा वर्षांची खबरबात एवढ्यात आटपली.

जेवण झाल्यावर मी त्यांना ही गोष्ट सांगितली. बाबांचा विश्वास बसेना. वलंदेजांच्या सात लेंग्यांना ते इतके हसले की ठसका लागला. चाचाच्या टमरेलाची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. रंगाच्या डब्यात काय मिळालं, असंही विचारलं. मग हसू थांबवून म्हणाले,

“पाया पडललंस?”

“पडलंय.”

“लोखंडाच्या?”

“व्हय.”

“बरा केलंस.” बाबा पान लावत होते. चुना लावता लावता त्यांनी विचारलं, “आनी त्या वलंदेजाक हाक मारू नको म्हणान कित्याक सांगलंस? तुका तर कधी कोणाच्या हाकेची भीती नव्हती.”

दहा वर्षं दाबून ठेवलेलं होतं. उस्मानचाचालाही सांगितलं नव्हतं, आणि तो तर माझ्यासाठी कलिंगडाएवढं गळू सांगत होता.

“बाबा, जगो पडलो तेव्हा मी घरात नव्हतंय,” मी म्हटलं. “मी खाली होतंय. माडाखाली. तेका बघूक शिरोड्याची माणसा येवची होती ना, नवरीकडची? ती इली. माका लई गंमत वाटली. मी खालसून हाक मारलंय, ‘जग्या, तुझी बायल इली!’ तेना खाली बघल्यान.”



बाबांनी पानाची घडी घातली. ती तोंडात टाकली नाही, हातातच ठेवली.

“माका ठावक आसा,” ते म्हणाले.

“कोणी सांगल्यान?”

“कोण सांगतलो? मी बाजूच्या माडार होतंय. तुझी हाक ऐकलंय.”

“मगे माका कधी बोललंस नाय!”

“तू बोचकां घेवन गेलंस, तेव्हापण मी माडारच होतंय,” बाबा म्हणाले. “व्हाळ उतरान वाटेच्या वळणार जायसर दिसत होतंस. तोंडात हाक इली होती, पुंड्या. पण एका हाकेन माझो एक झील खाली पडललो. दुसऱ्याक हाक मारूची छाती झाली नाय.”

ते उठले, खुंटीवरची दुसरी कोयती काढली, माझ्या पुढ्यात ठेवली. जगोची होती. दहा वर्षांत तिला गंज चढू दिला नव्हता.

सकाळी मी परसातल्या पहिल्या माडाच्या पाया पडलो आणि चढलो. खाली शेजारचा आबा गावडे वाटेने जात होता. मला वर बघून त्याने ओरडायला तोंड उघडलं. बाबांनी धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि मी खाली उतरेपर्यंत तो काढला नाही.